कर्वेनगरातली खाडी

मी एका महाविद्यालयात वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक म्हणून काम करते. काचपट्ट्या धुणं, सूक्ष्मदर्शकाच्या भिंगांवरची बुरशी पुसणं, प्रात्यक्षिक परीक्षेच्या सकाळी मंडईतून जास्वंदीची फुलं आणि मुळ्याच्या जुड्या आणणं, असं ते काम. वर्षातून एकदा, नवरात्राच्या आसपास, शेवटच्या वर्षाच्या मुलांना कोकणातल्या एका खाडीवर नेतात, तेव्हा सामानाबरोबर मी जाते. त्याला सहल म्हटलेलं आमच्या विभागप्रमुख बाईंना चालत नाही. "सहलीला जायचं असेल तर सिंहगड आहे. हा अभ्यासदौरा आहे," असं त्या गाडीत चढतानाच सांगतात.

खाडीवर मुलं चिखलात उतरत, बाई त्यांच्यामागे उतरत, आणि मी बांधावर बसून पिशव्यांना चिठ्ठ्या लावत असे. अशी कितीतरी वर्षं गेली. भरती-ओहोटीच्या पट्ट्यात, नदीच्या मुखापाशी, खाऱ्या चिखलात कोणती झाडं कुठे उभी असतात, याचा एक मोठा रंगीत तक्ता प्रयोगशाळेच्या भिंतीवर आहे. तो झटकण्याचं काम माझंच, त्यामुळे तो मला पाठ होता. पाण्याकडून जमिनीकडे जाताना आधी कांदळाची रांग, मग तिवराची, मग काजळ्याची, आणि शेवटी काटेरी मारांडीची. खाडी मला त्या तक्त्यापुरतीच माहीत होती, आणि तेवढं पुरेसं आहे असं वाटायचं.

मग एका वर्षी वडील निवृत्त झाले. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात त्यांची सगळी नोकरी गेली. क्वार्टर सोडून आम्ही कर्वेनगरात तिसऱ्या मजल्यावर, सगळ्यात वरच्या फ्लॅटमध्ये राहायला आलो. फ्लॅटला लागून एक बऱ्यापैकी मोठी टेरेस होती. खडकीत दिवसाचे तुकडे भोंग्याने पडायचे. इथे भोंगा नव्हता. वडील सकाळी सवयीने लवकर उठत, दाढी करत, बूट घालत, आणि मग कुठे जायचं हे न सुचून बूट काढत. आई हे सगळं बघत असे. "बूट झिजतील, चपला घाला," एवढंच ती एकदा म्हणाली.

त्या वर्षीच्या दौऱ्याहून आल्यावर माझ्या पिशवीत ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या दोन कांदळाच्या शेंगा उरल्या होत्या. झाडाचं काही तोडायचं नाही, खाली पडलेलंच उचलायचं, तेही परवानगीपत्रात लिहिलं असेल तेवढंच, हा बाईंचा नियम. मोजून झाल्यावर उरलेल्या या दोन मी टाकून देणार होते.

"ही कसली भाजी?" वडिलांनी विचारलं. दिसायला ती शेवग्याच्या शेंगेसारखी, फक्त जाड आणि एका टोकाला अणकुचीदार.

"भाजी नाही पप्पा. कांदळ आहे, खाडीतलं झाड. याचं बी झाडावर असतानाच रुजतं. हा त्याचा कोंब आहे. एवढा लांब झाला की खाली पडतो आणि चिखलात उभा घुसतो."

"उभाच घुसतो?"

"ओहोटी असली तर. भरती असली तर वाहून जातो आणि कुठेतरी लागतो."

त्यांनी ती शेंग बोटांवर तोलून पाहिली. कारखान्यात त्यांचं आयुष्य वजनं करण्यात गेलं होतं, हातात काही आलं की ते आधी तोलत. मग ते टेरेसवर गेले, तुळशीसाठी आणून ठेवलेल्या रिकाम्या कुंडीत माती भरली, दोन्ही शेंगा टोकाकडून खोचल्या आणि पाणी घातलं. महापालिकेचं, नळाचं.

दीड महिन्याने दोन्हींच्या शेंड्याला चकचकीत पानांची एकेक जोडी फुटली.

वडिलांना ते पटेना. समुद्राचं झाड नळाच्या पाण्यावर कसं जगतं? त्यांनी मला बाईंना विचारायला सांगितलं. बाई तेव्हा उत्तरपत्रिका तपासत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "खारफुटीला मीठ आवडत नाही, चालतं. आवडणं आणि चालणं यात फरक आहे, हे तुझ्या वडिलांना सांग. लग्न झालेल्या माणसाला कळायला हरकत नाही." मग पेन ठेवून त्यांनी नीट समजावलं. गोड्या पाण्यातही ही झाडं वाढतात, पण तिथे बाकीची झाडं त्यांना टिकू देत नाहीत. खाऱ्या चिखलात बाकीची येऊच शकत नाहीत. मीठ सोसण्याची तयारी असली तर तिथे जागा मोकळी असते.

मी घरी येऊन ते जसंच्या तसं सांगितलं. लग्नाचं ऐकून आई हसली. वडील हसले नाहीत. ते म्हणाले, "गावात आपली वस्ती ओढ्याच्या वाकणावर होती. दर पावसाळ्यात पाणी घरात. तिथे दुसरं कोणी बांधत नव्हतं, म्हणून ती आपली." आणि हात धुवायला गेले. आजोबांनी छप्पन साली धम्म घेतला, त्याच सुमारास गाव सोडून पुण्याला आले, एवढं मला माहीत होतं. ओढ्याचं त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

त्यानंतर वडिलांनी पाचशे लिटरची एक जुनी प्लास्टिकची टाकी मिळवली आणि ती आडवी ठेवून उभी कापली. दोन होड्यांसारखे अर्धे भाग झाले. त्यातला एक भंगारवाल्याला गेला, दुसरा टेरेसवर भिंतीलगत बसला. त्याच्या तळाशी त्यांनी तोटी बसवली. नदीकाठचा गाळ आणि रोपवाटिकेतली काळी माती कालवून तिचा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे चढ केला. स्टुलावर एक पिंप ठेवलं. पिंपात पाणी आणि जाडं मीठ. मीठ ते काट्यावर ग्रॅमपर्यंत मोजून घालायचे. समुद्राच्या निम्मं, कारण खाडीत नदीचं पाणी मिसळतं, हेही त्यांनी माझ्याकडून विचारून घेतलं होतं.

पिंपातून नळीने पाणी टाकीत सोडायचं, म्हणजे भरती. काही तासांनी तोटी उघडून ते बादलीत काढायचं आणि बादली उचलून परत पिंपात ओतायची, म्हणजे ओहोटी.

"कधी सोडायचं पण?" त्यांनी विचारलं. "वेळापत्रक असेल ना?"

खाडीवर कालवं काढणारी एक बाई होती. दरवर्षी ती आम्हाला तिथे दिसायची, आणि मुलांना चिखलात पाय कसा टाकायचा ते दाखवायची. तिने एकदा मला भरतीचा हिशेब सांगितला होता. तिथी घ्यायची आणि तिची पाऊणपट करायची. षष्ठी असेल तर सहाचे पाऊणपट साडेचार, म्हणजे साडेचारच्या सुमाराला पूर्ण भरती. पुढची साधारण बारा तासांनी.

ज्यांनी जन्मात पंचांग हातात धरलं नव्हतं ते माझे वडील त्या दिवसापासून रोज सकाळी भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर उभं राहून तिथी बघू लागले. आमच्याकडे तोपर्यंत फक्त पौर्णिमा बघत. "आज काय आहे?" असं आई स्वयंपाकघरातून विचारायची, आणि ते म्हणायचे, "दशमी. साडेसात."

रात्री उशिरा येणारी भरती मात्र त्यांनी पहिल्या आठवड्यातच रद्द केली. "रात्रपाळी बंद. मी रिटायर माणूस आहे."

पुढच्या दौऱ्याला मी पहिल्यांदा बाईंना आपणहून विचारलं की पडलेल्या तिवराच्या बिया, काजळ्याच्या शेंगा आणि मारांडीची दोन रोपं घेऊ का. बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "टेरेसवर?" "हो." "डास होतील." "ते पाणी रोज उपसतात." परतीच्या वाटेवर घाटात गाडी थांबली तेव्हा त्यांनी एक ओली पिशवी माझ्याकडे दिली. त्यात मारांडी होती, मुळांसकट, चिखलासकट.

वडिलांनी मला प्रयोगशाळेतल्या तक्त्याचा फोटो काढून आणायला लावला आणि त्याप्रमाणे लागवड केली. टाकीच्या सखल टोकाला कांदळ, त्याच्यावर तिवर, मग काजळा, आणि सगळ्यात उंचावर मारांडी. ओळी दोरी लावून सरळ केल्या. दुसऱ्या वर्षी तिवराच्या बुडापासून चिखलातून पेन्सिलीएवढ्या काड्या वर आल्या. ती श्वास घेणारी मुळं आहेत, चिखलात हवा नसते म्हणून ती डोकं वर काढतात, असं मी सांगितल्यावर ते रोज त्या काड्या मोजायचे. कांदळाने खोडातून बाजूला कमानीसारखे पाय टाकले. तिवराच्या पानांवर मीठ साचायचं, बारीक, बोटाला लागणारं. ते वडिलांनी एकदा चाखलं.

"तुम्हाला मीठ बंद आहे ना?" आई दारातून म्हणाली.

"हे औषधातलं आहे."

"समुद्र आणलातच घरी, तर पापलेटही सोडा त्यात. निदान आम्हाला उपयोग."

सोसायटीचे सेक्रेटरी हे बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांचं एक पत्र आलं. 'आपल्या सदनिकेत खाडी असल्याची तोंडी तक्रार प्राप्त झाली आहे. तरी आपण लेखी खुलासा करावा.' वडिलांनी एका ओळीत उत्तर दिलं. 'खाडी नाही, कुंडी आहे. आकार मोठा आहे.' त्यावर पुन्हा पत्र आलं नाही. सेक्रेटरी जिन्यात भेटले की विचारत, "काय, आज किती वाजता भरती?" वडील वेळ सांगत. दोघेही हसत नसत.

असं जवळजवळ तीन वर्षं चाललं. वडील आता सकाळी बूट घालत नव्हते.

आमच्या खालच्या फ्लॅटमध्ये एक वृद्ध घड्याळजी राहत. मी त्यांना चाचा म्हणते. त्यांच्या घराण्याचं कॅम्पात चार पिढ्यांचं घड्याळांचं दुकान होतं. ते मुलाने मोबाइलच्या दुकानात बदललं, तेव्हा चाचांनी आपलं टेबल, दिवा आणि अवजारं घरी आणली. जुनी गिऱ्हाइकं अजूनही त्यांच्याकडे घड्याळं आणून देत. टेबल खिडकीशी होतं, म्हणजे बरोबर आमच्या टेरेसच्या खाली.

एका शुक्रवारी मी रजेवर घरी होते. दुपारी खालून मोठा आवाज आला. भांड्यांचं कपाट पडावं तसा. वडील तेव्हा टाकीत पाणी सोडत होते. आम्ही तिघंही जिना उतरून गेलो. चाची दारात उभ्या होत्या, ओढणी तोंडावर धरून. खोलीत पांढरी धूळ. छताचा एक मोठा पोपडा, परातीएवढा, टेबलावर कोसळला होता. दिवा मोडला होता. छतात उघड्या पडलेल्या सळया तांबूस, फुगलेल्या दिसत होत्या. चाचा जुम्म्याच्या नमाजाला गेले होते. पंधरा मिनिटं आधी ते त्या खुर्चीवर होते.

वडिलांनी वर पाहिलं. मग खाली गुडघ्यावर बसून सिमेंटचा एक तुकडा उचलला, आणि त्याच्या आतल्या बाजूला बोट लावून ते जिभेला लावलं. ते खारट आहे हे त्यांनी आम्हाला सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती. टेरेसच्या कोपऱ्यातल्या जाळीपाशी, जिथे टाकीतून सांडलेलं पाणी जायचं, तिथे सांधा फुटला होता. तीन वर्षं मिठाचं पाणी थोडं थोडं स्लॅबमध्ये उतरत होतं.

चाचा परत आले. टोपी हातात घेऊन दारात थांबले.

"भाई," वडील म्हणाले, "ओल कधीपासून होती?"

"दीड-दोन वर्षं असेल."

"मग सांगितलं का नाही?"

चाचांनी टोपीची घडी घातली. "तुम्ही रोज ठरल्या वेळी पाणी सोडता. आम्हाला खाली आवाज येतो. पाणी, मग स्टूल सरकल्याचा आवाज, मग तोटी. रोज पाऊण तास पुढे. माझं आयुष्य घड्याळात गेलं, मला ते कळत होतं. चाललंय एखाद्याचं नीट, ते कशाला बंद पाडायचं? वाटलं, उन्हाळ्यात सुकेल."

कारखान्यात वडिलांच्या हातून एकदाही अपघात झाला नव्हता, आणि हे ते अभिमानाने सांगत असत. घरात अभिमानाने सांगायची ती एकच गोष्ट होती.

टेबलावर पाच घड्याळं उघडी होती. ढिगाऱ्याखाली त्यांची चाकं, स्प्रिंगा, तांदळाच्या दाण्याहून लहान स्क्रू विखुरले होते. चाचा म्हणाले, राहू द्या, झाडून टाकू, गिऱ्हाइकांना मी सांगेन. वडील वर गेले आणि आईची मैद्याची चाळणी, दोन स्टीलची ताटं आणि माझ्या प्रयोगशाळेचा एक जुना चिमटा घेऊन आले. मी लोहचुंबक शोधत होते. "पितळेला चुंबक काय करणार?" ते म्हणाले. आवाज नेहमीसारखा होता.

त्या दुपारपासून दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत दोघे जमिनीवर चादर पसरून बसले. वडील चूर चाळायचे, चाळणीत राहिलेलं ताटात पसरायचे, चिमट्याने एकेक भाग उचलून तळहातावर तोलायचे आणि चाचांपुढे धरायचे. चाचा डोळ्याला भिंग लावून सांगायचे. "हे बॅलन्स व्हील. हे नाही, हे सिमेंट." मी कामावर गेले आणि परत आले, तरी ते तसेच होते. चार घड्याळं जुळली. पाचव्याचा एक स्क्रू मिळाला नाही. चाचांनी तो दुसऱ्या घड्याळाचा बसवला.

टेरेसवरची टाकी वडिलांनी पहिल्याच रात्री, खालून वर आल्याबरोबर, रिकामी केली होती. पाणी बादल्यांनी तीन मजले उतरून गटारात ओतलं. आई आणि मी मदतीला गेलो तर त्यांनी हाताने थांबवलं. नंतर गवंडी आला. छताचा सैल झालेला भाग पाडून सळया घासायच्या होत्या. गवंड्याच्या माणसाबरोबर वडीलही तारेचा ब्रश घेऊन घोडीवर चढले. सेक्रेटरी येऊन बघून गेले. त्यांनी झाडं खाली पार्किंगच्या कोपऱ्यात ठेवायला पंधरा दिवसांची परवानगी दिली. लेखी.

आता झाडांचं काय करायचं, हा प्रश्न होता. महाविद्यालयाच्या बागेत खाऱ्या पाण्याला जागा नव्हती. बाई म्हणाल्या, "जिथून आणली तिथे नेता येतील. दुसऱ्या खाडीत नकोत. आणि वनखात्याला विचारल्याशिवाय नकोत." परवानगीचा अर्ज त्यांनीच लिहिला. अर्जात 'शैक्षणिक साहित्य परत करणे' असं लिहिलं होतं.

परवानगी आल्यावर आम्ही एक छोटा टेम्पो ठरवला. मागे गोणपाटात बांधलेली सात झाडं. ताम्हिणी घाटात वडील दर वळणावर मागे बघत होते.

खाडीवर पोचलो तेव्हा ओहोटी होती. वडिलांनी समुद्र पाहिला होता, दोनदा, मुंबईला चैत्यभूमीला गेले तेव्हा. खाडी पाहिली नव्हती. बांधावर उभे राहून ते बराच वेळ बघत राहिले. मला वाटलं, त्यांना भरून आलं असेल.

"रांगा कुठे आहेत?" त्यांनी विचारलं.

मी बोट दाखवायला हात वर केला आणि तो तसाच राहिला. पाण्याच्या अगदी कडेला तिवर उभा होता, जो तक्त्याप्रमाणे दुसऱ्या ओळीत हवा होता. त्याच्या मागे कांदळ, पण अधूनमधून, ओहोळाच्या कडेकडेने. मग पुन्हा तिवर, बांधाला टेकून, बुटका, पिवळट. मारांडी तर कांदळाच्या पायांत घुसलेली होती. चिप्पी नावाचं जे झाड आमच्या टाकीत नव्हतंच, ते मुखाकडच्या टोकाला दाट होतं. एकाही ओळीला दोरी लावता आली नसती.

"तक्त्यात तर..." मी म्हणाले.

"तू दरवर्षी येतेस ना इथे?"

मी दरवर्षी येत होते. पाठ पाण्याकडे करून बांधावर बसत होते, चिठ्ठ्या लिहीत. हे मी त्यांना सांगितलं. ते रागावले नाहीत. "हं," म्हणाले, आणि पँट दुमडून चिखलात उतरले.

चौथ्या पावलाला त्यांचा पाय मांडीपर्यंत गेला. मी घाबरून ओरडले. कालवं काढणारी ती बाई पलीकडच्या खडकाळ भागात वाकलेली होती. ती टोपली ठेवून आली, झपाझप, जणू अंगणातून चालत यावी.

"हलू नुको, बाबा. मागं रेल. हां. आता पाय सरळ वढू नुको, गोल फिरव." वडिलांनी तिचं ऐकलं. चिखलाने मोठा आवाज करून पाय सोडला. चप्पल आतच राहिली.

"काय सांडलंय हितं?" तिने विचारलं.

"काही नाही. झाडं लावायला आलोय."

तिने टेम्पोकडे पाहिलं, मग आमच्याकडे. मग हसू लागली, अगदी मनापासून. "पुण्यासनं? हितं काय कमी हायत?" तिने पायाखालचा चिखल दाखवला. खरोखर, बोटभर, वीतभर रोपं होती, शेकड्यांनी. काही आडवी पडलेली, काही उभी, काहींना दोन पानं.

"यातली किती जगतात?" वडिलांनी विचारलं.

"कोन मोजतंय? पानी नेतं, खेकडं खातात. ऱ्हातंय तितलं ऱ्हातंय."

"कुठे लावली तर राहतील?"

तिने डोळे बारीक करून इकडेतिकडे पाहिलं. प्रश्न तिने गंभीरपणे घेतला, हे मला आवडलं. जुना बांध एका ठिकाणी फुटला होता. तिथून पाणी आत येत होतं, आणि आतल्या पडीक खाचरात अजून काही उगवलं नव्हतं. "थितं बघा. थितं पानी येतं पन वढत नाय."

सातही झाडं तिथे लावली. वडिलांनी दोरी काढली नाही. तिवर कुठे, मारांडी कुठे, हे त्या बाईला विचारत गेले. ती "हां, थितं," किंवा "नुको, थितं सुकंल," म्हणत गेली. मी पहिल्यांदा चिखलात उतरले होते. तो गार होता, आणि त्याला वास होता तो टेरेसवरच्यासारखा नव्हता, कितीतरी जास्त होता. लावून झाल्यावर वडिलांनी तिला जयभीम केला, तिने ओले हात जोडले, आणि ती कालवांकडे गेली, कारण पाणी वाढायला लागलं होतं. आम्ही बांधावर बसून भरती येताना पाहिली. ती नळीतून येते तशी एका बाजूने आली नाही. कुठून आली तेच कळलं नाही. आधी चिखल चमकला, मग खेकड्यांची बिळं भरली, आणि बघता बघता आमची झाडं गुडघाभर पाण्यात होती.

"आज काय आहे?" मी विचारलं.

"त्रयोदशी," ते म्हणाले. "टाकीत पावणेदहाला पूर्ण झाली असती. मी नऊलाच तोटी उघडायचो." आणि पँटवरचा चिखल खरवडत म्हणाले, "घाई व्हायची."

परत आल्यावर टेरेसवर काही ठेवलं नाही. वडील आता रोज दुपारी खाली चाचांकडे जाऊन बसतात. घड्याळांचे सुटे भाग डब्यांत लावून देतात, वजनाप्रमाणे. चाची त्यांना बिनमिठाचं ताक देतात. सेक्रेटरींनी जिन्यात एकदा विचारलं, "काय, हल्ली ओहोटी वाटतं?" त्यावर वडील म्हणाले, "हो. स्लॅबच्या हितासाठी."

पुढच्या दौऱ्याला मी बाईंना सांगून चिठ्ठ्यांचं काम एका मुलीकडे दिलं आणि मुलांबरोबर उतरले. बाईंनी त्यांची जास्तीची काठी माझ्या हातात दिली. फुटक्या बांधापाशी गेले. पावसाळ्यात बांध आणखी वाहून गेला होता, आणि ते अख्खं खाचर रोपांनी भरलं होतं. मी कमानी मोजल्या, पानं उलटून पाहिली, आम्ही बांधलेल्या सुतळीचा एखादा तुकडा कुठे दिसतो का ते शोधलं. तीन-चार झाडं आमची असतील असं वाटलं. मग तशीच आणखी आठ-दहा दिसली. कालवंवाली त्या दिवशी आली नव्हती. पाणी चढायला लागलं तशी बाईंनी हाक मारली.

घरी आले तेव्हा वडील पेपर वाचत होते.

"आहेत?" त्यांनी विचारलं.

"तिथे खूप झाडं आहेत. आपली कुठली ते ओळखता आलं नाही."

त्यांनी पेपरची घडी घातली. मला वाटलं, आता उद्या पुन्हा टेम्पो ठरवायला सांगतील.

"सात लावली होती," ते म्हणाले. "खूप आहेत म्हणजे चांगलंच आहे." आणि आईला हाक मारून म्हणाले, "हिला जेवायला वाढ. घाटात काही खाल्लेलं दिसत नाही."